पांडूच्या शाळेतले वाकनीस सर

सुमतीवहिनी, मुंबईहून मुद्दाम आलेली प्राध्यापक मंडळी, कोळीवाड्यातली, आगरातली, पेठेतली माझी सगळी माणसं,

मला बोलायला उभं केलंत खरं, पण माझी पंचाईत झाली आहे. तीस वर्षं मी पहिलीच्या पोरांसमोर बोलतोय. तिथे आवाज चढवला की काम भागतं. आज आवाजच वर येत नाहीये. थांबत थांबत बोललो तर सांभाळून घ्या.

आणि वहिनींनी मला काल बजावलंय. म्हणाल्या, "गुरुजी, रडकं काही बोलू नका हं. ह्यांना रडकी भाषणं सहन व्हायची नाहीत. मध्येच उठून जायचे." तेव्हा मंडळी, सर उठून जाणार नाहीत अशा बेताने बोलतो.

मघाशी मुंबईच्या मंडळींनी सरांच्या विद्वत्तेबद्दल सांगितलं. तत्त्वज्ञान, तर्क, जर्मन ग्रंथ. ते सगळं खरंच असणार. मला त्यातलं फारसं कळत नाही, हे मी सरांना त्यांच्या तोंडावर सांगत आलो. पण तुम्हाला जे वाकनीस सर माहीत आहेत ते वर्गातले. आमच्या थळात ते आले ते निवृत्त होऊन, स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी. शेवटची बारा वर्षं ते आमचे होते. त्यांतल्या चार वर्षांबद्दल मला बोलायचंय, कारण त्या चार वर्षांची हकिगत तुम्हाला कुणी पत्राने कळवली नसेल.

सर इथे आले ते एक ग्रंथ लिहायला. विषय एकच. माणूस म्हणजे काय? दगड दगड का, झाड झाड का, हे कुणी विचारत नाही. मग माणसालाच का हा प्रश्न पडतो? सकाळी लिहायचे, संध्याकाळी काठी घेऊन बाहेर पडायचे आणि भेटेल त्याला गाठायचे. न्हाव्याला गाठलं, टांगेवाल्याला गाठलं, देवळातल्या गुरवाला गाठलं. "सांगा बरं, माणूस म्हणजे काय?" टांगेवाला म्हणाला, "साहेब, जो टांग्यात बसतो तो माणूस, जो टांगा ओढतो तो घोडा. मधला मी. माझं काय ते तुम्हीच ठरवा." सर तीन दिवस ते वाक्य सांगत फिरत होते.

एकदा त्यांनी हिराबायला गाठलं. ह्या इथे पुढे बसल्यात त्या हिराबाय. रोज सकाळी टोपली घेऊन सरांच्या दारात मासे द्यायला जायच्या. सरांनी विचारलं, "हिराबाय, माणूस म्हणजे काय?" हिराबायने टोपली खाली ठेवली, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "परफेसर, तुमचे घरान आरसा न्हाय काय?"

हसा, मंडळी, हसा. सरही असेच हसले होते. पायरीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसले होते.

पण ग्रंथात मात्र त्यांनी आपलंच उत्तर लिहिलं होतं. चार-साडेचार वर्षांपूर्वी दसऱ्याच्या सुमारास आपल्या वाचनालयाचा कार्यक्रम होता. भाषणाला सरांना बोलवा, असा आग्रह माझा. सगळं गाव जमलं होतं. हिराबाय आली होती, आणि तिच्याबरोबर तिचा धाकटा भाऊ पांडू. पांडू तुम्हा गावकऱ्यांना ठाऊक आहे. मुंबईच्या मंडळींसाठी सांगतो. पांडू जन्मापासून बहिरा, म्हणून मुका. जाळी विणण्यात आणि दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या किनाऱ्यावर कुणी नाही. त्याला भाषणातलं काही कळणार नव्हतं. पण गर्दी बघायला त्याला आवडतं.

सर सुंदर बोलले. फार सुंदर बोलले. आणि बोलता बोलता म्हणाले, "माणूस माणूस आहे तो भाषेमुळे. ज्याला शब्द नाही, त्याला विचार नाही. आणि ज्याला विचार नाही, त्याचा आकार माणसाचा असेल, पण त्याला माणूस म्हणता येणार नाही."

मी टाळ्या वाजवल्या, मंडळी. सगळ्यात आधी मी वाजवल्या.

मागे हिराबाय उठली. तिने पांडूचा दंड धरला आणि त्याला घेऊन बाहेर गेली. पांडू बिचारा वळून वळून बघत होता. एवढ्यात का निघालो, हे त्याला कळेना. सरांना चष्म्याशिवाय लांबचं दिसायचं नाही आणि चष्मा त्यांनी मेजावर काढून ठेवला होता. त्यांनी हे पाहिलंच नाही. मी पाहिलं. पाहून गप्प बसलो.

दुसऱ्या दिवसापासून सरांच्या दारात मासे यायचे बंद झाले. हिराबाय गेली नाही, म्हणून दुसरी कुणीच गेली नाही. ज्या घरात मासा नसेल तो दिवस उपासाचा मानायचे, त्या घरात! वहिनी अलिबागेहून सुके बोंबील मागवायला लागल्या. सर मला विचारायचे, "म्हात्रे, कोळीवाडा माझ्यावर रुसलाय का हो?" मी म्हणायचो, "मासळी कमी आहे सध्या." ही थाप मी एकदा नाही, चार-पाच वेळा मारली.

दिवाळी झाली. आणि एका सकाळी दाढी करता करता सरांच्या हातातून वस्तरा गळून पडला. पाठोपाठ सर पडले. अर्धांगवायू. उजवा हात गेला, उजवा पाय ओढायला लागला, आणि वाचा गेली.

म्हणजे अगदीच गेली असं नाही. एक शब्द उरला. अलिबागचे डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, "प्रोफेसरसाहेब, कसं वाटतंय?" सर म्हणाले, "बटाटा."

डॉक्टरांना वाटलं, वात झाला. पण सर शुद्धीवर होते. सगळं समजत होतं. डोळे तेच होते, तेज तेच होतं. फक्त सांगायला जावं काही आणि बाहेर यावं बटाटा. पाणी हवं, बटाटा. खिडकी उघडा, बटाटा. संस्कृत येणारा, जर्मन येणारा, इंग्रजीत ग्रंथ लिहिणारा माणूस. त्याच्याजवळ देवाने एकच शब्द शिल्लक ठेवला, आणि तोही भाजीबाजारातला.

वहिनी आधी खूप रडल्या. मग एक दिवस सर चिडून, हात आपटून, पाच-सहा वेळा "बटाटा, बटाटा" ओरडले, तर वहिनींना हसू फुटलं. त्यांनी तोंडाला पदर लावला, पण आवरेना. सर बघत राहिले, आणि तेही हसायला लागले. वहिनी म्हणतात, त्या हसण्यानंतर मला धीर आला. हसू शाबूत आहे म्हणजे माणूस जाग्यावर आहे.

मग मी पुढे सरसावलो. म्हटलं, शिकवणं तर माझा धंदा आहे. पाटी घेतली, अक्षरांचे तक्ते घेतले आणि रोज शाळा सुटली की सरांकडे जाऊन बसायला लागलो. क कमळाचा. ग गवताचा. सरांनी चार दिवस सहन केलं. पाचव्या दिवशी डाव्या हाताने पाटी उचलली आणि अंगणात भिरकावली. बरोबरच आहे! त्यांना 'क' माहीत नव्हता थोडाच? 'क' त्यांना सापडत नव्हता. हा फरक मला, पंचवीस-सव्वीस वर्षं शिकवत असलेल्या मास्तरला, कळला नाही.

त्या संध्याकाळी मी कोळीवाड्यात हिराबायकडे गेलो. ओट्यावर बसली होती. शेजारी पांडू जाळं पसरून बसला होता. मी म्हटलं, "हिराबाय, झालं गेलं सोडा. प्रोफेसरांची वाचा गेली. वहिनी एकट्या पडल्यात. त्यांच्या दारात जायला लागा."

ती म्हणाली, "त्यान माझे भावाला जनावर ठरवला. सगले गावाचे पुढं."

मी म्हटलं, "त्यांच्या मनात पांडू नव्हता हो. पुस्तकातलं बोलले ते."

तेव्हा हिराबाय माझ्याकडे बघून जे बोलली, ते मी आज इतक्या लोकांसमोर पहिल्यांदा सांगतोय. म्हणाली, "मास्तर, परफेसर नुसता बोलला. तुमी तं करून दाखवला."

मंडळी, मला क्षणभर कळेना. आणि मग आठवलं. हिराबाय एका लहान पोराचा हात धरून माझ्या वर्गाच्या दारात उभी होती. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पोराच्या डोक्याला तेल लावलेलं, अंगात धुतलेला सदरा. मी विचारलं होतं, "नाव काय रे?" पोरगा नुसता हसला. हिराबाय म्हणाली, त्याला ऐकू येत नाही. आणि मी म्हटलं होतं, "मग इथे कशाला आणलास? मी त्याला काय शिकवणार?" हजेरीत नाव न घालता मी त्याला परत पाठवला होता. इतका सहज पाठवला होता की विसरूनसुद्धा गेलो होतो. ती विसरली नव्हती.

मी मान खाली घालून उठलो. चार पावलं गेलो असेन, तर मागून हाक आली, "मास्तर! परफेसर आता काय बोलतो तरी काय?"

मी सांगितलं, "बटाटा."

ती हसली नाही. मग म्हणाली, "एवढाच?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हिराबाय टोपली घेऊन सरांच्या पायरीवर हजर! मागे पांडू. सर आरामखुर्चीत बसले होते. हिराबायने एक मासा उचलून त्यांच्या नाकासमोर धरला. सर म्हणाले, "बटाटा."

"बटाटा जमिनीन व्हतो, परफेसर. ह्यो पान्यानला हाय. ह्यो बांगडा."

सर म्हणाले, "बटाटा."

पांडू हे सगळं निरखून बघत होता. त्याला ऐकू येत नव्हतं, पण ओठ तेच तेच हलताहेत आणि बहीण डोकं हलवतेय, हे त्याला दिसत होतं. तो पुढे आला आणि सरांसमोर उकिडवा बसला. टोपलीतली कोळंबी दाखवली आणि आपलं एक बोट वाकवून थरथरवलं. पापलेट दाखवलं आणि तळहात आडवा सपाट धरला. मग खेकडा दाखवला, आणि हाताची पाची बोटं नांगीसारखी करून सरांच्या गुडघ्यावरून तिरकी तिरकी चालवत नेली.

सरांनी आपला डावा हात उचलला. बोटं वाकवली. आणि खुर्चीच्या हातावरून खेकडा चालवला. तिरका.

पांडूने मांडीवर थाप मारली आणि तोंड उघडून जो हसला! त्याच्या हसण्याला आवाज असतो, मंडळी. ज्यांनी ऐकलाय त्यांना ठाऊक आहे. वहिनी आतून धावत आल्या. बघतात तर एक कोळी आणि एक प्रोफेसर समोरासमोर बसून खेकडे चालवताहेत.

त्या दिवसापासून सरांची शाळा सुरू झाली. मास्तर पांडू. रोज दुपारी चारला पांडू यायचा, सरांची उजवी बाजू आपल्या खांद्यावर घ्यायचा आणि किनाऱ्यावर न्यायचा. ओल्या वाळूत चालवायचा. सर दमले की होडीच्या सावलीत बसायचे आणि धडा सुरू. समुद्र, वारा, भरती, भूक, थंडी, कंटाळा. पांडूजवळ सगळ्याला खूण आहे. प्रत्येक माणसाला खूण आहे. हिराबाय म्हणजे डोक्यावर टोपली. मी म्हणजे कान पिळणारा हात. खूण खोटी आहे असं मी म्हणू शकत नाही. आणि सर म्हणजे? चोचीसारखी बोटं, सारखी उघडमीट, उघडमीट. सतत बोलणारा! सरांना ही खूण कळली तेव्हा ते होडीला टेकून इतके हसले की पांडूला त्यांना सावरावं लागलं.

आणि खुणा यायला लागल्या तसे त्यांच्या मागून शब्द यायला लागले. हाताने खूण केली की तोंडात शब्द सापडायचा. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. शिमग्याच्या आधी एका संध्याकाळी सरांनी वहिनींसमोर बोट वाकवून थरथरवलं आणि स्वच्छ शब्दांत म्हणाले, "कोलबी."

कोळंबी नाही हं! कोलबी. कोळीवाड्यातली. वहिनींनी त्या दिवशी गावभर साखर वाटली.

सरांना एक गोष्ट मात्र अजून माहीत नव्हती. दसऱ्याच्या भाषणातली. ती मी सांगितली. पांडू त्या दिवशी तिथे होता, हिराबाय त्याला घेऊन उठून गेली, मासे का बंद झाले, आणि मी थापा मारल्या, सगळं सांगितलं. माझ्या वर्गाच्या दारातलंही सांगितलं. सर ऐकत राहिले. दोन दिवस ते पांडूबरोबर किनाऱ्यावर गेले नाहीत. पांडू दारात येऊन परत गेला. मला वाटलं, मी फार वाईट केलं. बरा होत आलेला माणूस मी पुन्हा पाडला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. एकेक शब्द शोधत म्हणाले, "लोक. तेच. बोलवा."

पाडव्याच्या दिवशी, ह्याच शाळेच्या ओसरीवर, तेच लोक जमले. हिराबाय यायला तयार नव्हती. पांडूने तिला ओढत आणली. सर उभे राहिले. चाळीस वर्षं व्याख्यानं दिलेला माणूस, खांबाला टेकून उभा. लोकांकडे बघितलंच नाही. पांडूकडे तोंड करून उभे राहिले. म्हणाले, "मी बोललो. शब्द नाही, तो माणूस नाही." थांबले. किती वेळ थांबले! कुणाला वाटलं, आता शब्द संपले. मग म्हणाले, "माझे शब्द गेले. मी होतो. पांडू होता." पुन्हा थांबले. "मी चुकलो."

आणि तेच सगळं त्यांनी पुन्हा हाताने सांगितलं. पांडूसाठी. चोच केली आणि ती चोच आपल्याच दुसऱ्या, लुळ्या हाताने झाकली. झाकताना डाव्या हाताने उजवा हात उचलून धरावा लागला, म्हणून चोच मोडली, मग पुन्हा केली. दोन-तीनदा गडबड झाली. पांडूला पहिल्यांदा कळलं नाही. त्याने वळून हिराबायकडे बघितलं. हिराबायने त्याला आपल्या खुणांनी सांगितलं, अगदी दसऱ्यापासून सगळं. तेव्हा कुठे पांडूला कळलं की त्या दिवशी आपल्याबद्दल काही बोललं गेलं होतं.

तो चिडला नाही. गोंधळला. मग पुढे गेला, सरांची चोचीची बोटं हातात घेतली, एकेक करून वाकवली आणि त्यांचा खेकडा केला. तेव्हापासून पांडूच्या भाषेत सरांचं नाव बदललं.

हिराबाय डोळे पुसत म्हणाली, "बसा आता, परफेसर. पाय दुखल." एवढंच. पण दुसऱ्या दिवशी सरांच्या घरी जी सुरमई गेली, तिच्याएवढी सुरमई मी तरी पेठेत पाहिली नाही.

नंतरची चार वर्षं मजेत गेली, मंडळी. खरंच मजेत गेली. सर दोन-तीनशे शब्दांवर आले आणि त्यात राज्य केलं. रागावले की मला "बांगडा" म्हणायचे. ग्रंथ? ग्रंथाचे कागद पेटीत आहेत. मुंबईच्या मंडळींनी ते न्यावेत अशी वहिनींची इच्छा आहे. फक्त मधली बरीच पानं डाव्या हाताने खोडलेली सापडतील, आणि समासात वाकडी चित्रं. ती चित्रं खुणांची आहेत. टाकून देऊ नका.

एकदा सरांनी पांडूलाच तो प्रश्न विचारला. माणूस म्हणजे काय? आता हे हाताने विचारायचं कसं? अख्खी दुपार गेली. मी होडीत बसून मजा बघत होतो. सरांनी आपल्याकडे बोट दाखवलं, माझ्याकडे दाखवलं, पांडूकडे दाखवलं, आभाळाकडे हात केला, कपाळाला आठ्या घातल्या. पांडूने नीट बघितलं, विचार केला आणि जाळ्याचं एक टोक सरांच्या डाव्या हातात दिलं. दुसरं टोक घेऊन तो लांब गेला आणि जाळं ताणून भोकं शोधायला लागला. त्याला प्रश्न कळला की नाही, देव जाणे. दुसरं टोक धरायला त्याला माणूस हवा होता, हे नक्की. सर मात्र ते टोक सूर्य बुडेपर्यंत धरून उभे राहिले. मी म्हटलं, "सर, द्या, मी धरतो." तर म्हणाले, "नको."

माझंही थोडं सांगतो. दोन वर्षांपूर्वी आगरातल्या एका मजुराची मुलगी माझ्या वर्गाच्या दारात आली. ऐकू न येणारी. मी तिचं नाव हजेरीत घातलं. रोज तासभर पांडू येऊन तिच्याशेजारी बसतो. ती आता पाटीवर स्वतःचं नाव लिहिते, आणि माझ्या कान पिळण्याची नक्कल माझ्यापेक्षा चांगली करते.

गेल्या बुधवारी सर जेवले. वहिनी म्हणतात, पोटभर जेवले, पुन्हा कालवण मागून घेतलं. खुर्चीत पडले. चारला पांडू आला तेव्हा ते गेलेले होते. मला बातमी पांडूनेच दिली. शाळेच्या दारात उभा राहिला, हाताचा खेकडा केला, तो दुसऱ्या तळहातावर अलगद ठेवला, आणि बोटं सैल सोडली. इतकं नीट मला कुणीच सांगितलं नसतं.

वहिनी, पाहा, मी रडवायचं नाही असं ठरवून उभा राहिलो होतो. माफ करा. बांगडाच आहे मी.

आता रीतीप्रमाणे मी तुम्हाला मौन पाळायला सांगायला हवं. पण आज सकाळी पांडू माझ्याकडे आला होता. त्याला इथे बोलायचंय. पाचव्या रांगेच्या कडेला बसलाय, मघापासून माझ्या ओठांकडे बघतोय की हा मास्तर कधी बसतो. त्याचं सगळं मला समजेल असं नाही, आणि मी मध्ये अर्थ सांगणारही नाही. मुंबईच्या पाहुण्यांनी खुर्च्या जरा पुढे घ्याव्यात. बाकीच्यांनी उभं राहावं, म्हणजे मागच्यांनाही त्याचे हात दिसतील. त्याचं बोलून होईपर्यंत कुणी आवाज करू नका. आपलं मौन तेच.

वाकनीस सर, माझा नमस्कार.

ये, पांडू.